कारखान्याच्या आधी काय?
(कोरडवाहू भागातील एका गावी, चावडीपुढे केलेले भाषण)



“आमच्या भागास कारखाना द्या,” ही मागणी प्रत्येक सभेत होते. आम्ही पडलो मास्तर. आम्ही आधी मागचा हिशेब विचारतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 साली चालू झाला. त्याच्या आधी काय होते? भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे होऊन कालव्यास पाणी आले. त्याआधीच, 1923 साली, लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी पतपेढी काढली होती. शेतकरी तेथे हिशेब ठेवण्यास, कर्ज फेडण्यास आणि एकमेकांवर भरवसा ठेवण्यास शिकला. मग गावोगाव भाग खपले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि मुंबई सरकारनेही भाग घेतले. सरकारचा पैसा शेवटी आला, हे ध्यानात घ्या.

आपल्याकडे ना कालवा, ना पेढी. दिवाळी सरली की मुकादमाची उचल फेडण्यास माणसे कोयता घेऊन फडावर जातात, पोरेही जातात, आणि आम्ही रिकाम्या वर्गात हजेरी घेतो.

हिवरे बाजारने 1990 नंतर आधी पाणी अडविले, पाण्याचा ताळेबंद मांडला, उसास मनाई केली; मग दूध वाढले. सरकारने आम्हांस आधी बंधारे, लोहार-सुतारास भांडवल आणि मुलांसाठी हंगामी वसतिगृह द्यावे. ग्रामसभेचा अर्ज आम्ही लिहून आणला आहे. दौत येथेच आहे. ज्यांस सही येत नाही त्यांनी अंगठा करावा, पण उद्या शाळेत येऊन सही शिकावी.