म्हैसुरातले अफगाण विद्यार्थी आणि आपल्या हातातली मदत



अफगाणिस्तान म्हटलं की आपल्याला बातम्या आठवतात. ऑगस्ट 2021 मधला काबूल विमानतळ, विमानामागे धावणारी माणसं. त्या आठवड्यात इथे म्हैसुरात विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात नव्वदच्या आसपास अफगाण विद्यार्थी शिकत होते. बहुतेकजण भारत सरकारच्या आयसीसीआर शिष्यवृत्तीवर आलेले. काही जण तर चांगले नोकरीतले अधिकारी होते, रजा घेऊन एम.ए., पीएच.डी. करायला आले होते. एका रविवारी त्यांचं सरकारच नाहीसं झालं. परत जायची नोकरी गेली, घरून येणारा पैसा थांबला, कारण तिकडच्या बँकाच ठप्प झाल्या.

मी निवृत्त फौजी. उभी हयात पायदळात गेली. आमच्याकडे या घटनेची झळ वेगळ्या वाटेने आली. डेहराडून आणि इतर अकादम्यांमध्ये अफगाण कॅडेट्स शिकत होते. पोरगा अफसर होऊन बाहेर पडतो आणि ज्या फौजेसाठी शिकला ती फौजच उरलेली नाही, ही गोष्ट फौजी माणसाच्या मनाला किती लागते ते सांगता येत नाही. अशा 80 कॅडेट्सना 2022 साली भारताने वर्षभराचा इंग्रजीचा अभ्यासक्रम दिला. त्यामुळे त्यांचा राहण्याचा प्रश्न वर्षासाठी सुटला. पुढचं पुढे. हे ‘पुढचं पुढे’ नीट समजून घेतलं तर मदत कशी करायची ते कळतं.

भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. इथे आलेला अफगाण कायद्याच्या नजरेत परदेशी नागरिक असतो, व्हिसावरचा. अफगाणिस्तानातून 2014 संपायच्या आत आलेल्या हिंदू, शीख आणि इतर काही धर्मीयांसाठी नागरिकत्वाची वाट 2019 च्या दुरुस्तीने झाली. बाकीच्यांची नोंद दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात, म्हणजे यूएनएचसीआरमध्ये होते. 2021 च्या सुमाराला तिथे नोंदलेले अफगाण पंधरा हजारांच्या आसपास होते, बहुतेक सगळे दिल्लीत, लाजपत नगर, भोगल, मालवीय नगर या भागांत. नोंद झाली की कार्ड मिळतं. पण त्या कार्डावर आधार मिळत नाही. आणि आधार नसलं की बँकेत, मोबाइलच्या दुकानात, घरमालकाच्या दारात काय होतं, ते आपल्यापैकी ज्याचं आधार एकदा हरवलंय त्याला विचारा.

मग अशा माणसाला तुम्ही जुने स्वेटर नेऊन दिलेत तर तो नम्रपणे घेईल. अफगाण माणूस पाहुण्याला नाही म्हणत नाही. पण त्याची अडचण स्वेटरची नाही, आणि म्हैसुरात तर मुळीच नाही.

आता तुमच्या माहितीतलं उदाहरण घेतो, म्हणजे फरक दिसेल. कोल्हापूरजवळचं वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून हाकलले गेलेले, सायबेरियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुलं, 1943 ते 1948 तिथे राहिले. जागा कोल्हापूर संस्थानातली, पैसा पोलंडच्या लंडनमधल्या परागंदा सरकारचा. पण छावणीचा कणा होता तिथल्या शाळा, दवाखाना, चर्च, नाटकगृह, मुलांची स्काउट पथकं. पाच वर्षांत मुलांचं शिक्षण खंडलं नाही. ती मुलं म्हातारी होऊन कोल्हापूरला परत परत येत राहिली, ती काही फुकटच्या धान्याची आठवण काढत नव्हती.

दुसरं उदाहरण आमच्या दाराशी आहे. म्हैसूर जिल्ह्यातच, पिरियापट्टण तालुक्यात, बैलकुप्पे. 1960 च्या सुमाराला राज्य सरकारने तिबेटींना तीन हजार एकरांच्या घरात जंगलजमीन दिली. परदेशी सेवासंस्थांनी ट्रॅक्टर, बियाणं, दवाखाने यांना हात दिला, आणि वसाहतीने स्वतःची सहकारी संस्था काढली. पहिली वर्षं फार कठीण गेली, हत्ती आणि हिवताप दोन्ही होते. आज तिथला मका बाजारात येतो आणि सुवर्णमंदिर बघायला आपली माणसं बसगाड्या भरून जातात.

वळिवडे काय, बैलकुप्पे काय, दोन्हीकडे जमीन होती आणि माणसं एका जागी होती. देणाऱ्याला पत्ता होता. अफगाणांचं तसं नाही. ते विखुरलेले आहेत, भाड्याच्या खोल्यांत, चार-चार जण मिळून. पुण्यातही तसंच, तिथे तर म्हैसूरपेक्षा कितीतरी जास्त अफगाण विद्यार्थी शिकून गेलेत. म्हणून तुमच्या आणि त्यांच्या मध्ये एखादी संस्था लागते. फौजेच्या भाषेत सांगतो: रसद असून चालत नाही, ती पोचवणारी तुकडी लागते.

आमच्या इथली एक मुलगी, काबूलची. नाव सांगत नाही, तिचे आईवडील अजून तिकडे आहेत. विज्ञानात एम.एस्सी. झाली. डिसेंबर 2022 मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांची दारं बंद केली, म्हणजे परत जाऊन शिकवण्याचा प्रश्नच संपला. शिष्यवृत्ती पदवीबरोबर संपते. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. पीएच.डी.च्या प्रवेशाला काही महिन्यांचा अवकाश. या मधल्या महिन्यांत तिला काय लागत होतं? घरभाडं, प्रवेशाची फी, कागदपत्रांच्या खेपा, आणि एक घरमालक जो घाबरणार नाही.

घरमालकाचं जरा सविस्तर बोलतो, कारण हे कुणी सांगत नाही. परदेशी माणसाला घरात ठेवलं तर, ज्याला सी-फॉर्म म्हणत आले, तो अर्ज 24 तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो. हॉटेल असो, वसतिगृह असो की तुमच्या घराची माडी. अर्ज फुकट आहे. पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो लागतो, अर्ध्या तासाचं काम. पण मालकाला तो माहीत नसतो, कुणीतरी ‘पोलिसांचं लफडं होईल’ म्हणून घाबरवतं, आणि खोली नाकारली जाते. खोली नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही. पत्ता नाही म्हणजे व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज अडतो. तिथून मुलगी बेकायदा ठरायला फार दिवस लागत नाहीत. आम्ही दोन-तीन निवृत्त मंडळींनी घरमालकांच्या शेजारी बसून हे अर्ज भरून दिले. एक गृहस्थ मला म्हणाले, “कर्नलसाहेब, एवढंच होतं होय?” एवढंच होतं. कॉलेजांजवळ राहणाऱ्या, माडी भाड्याने देणाऱ्या मंडळींनी हे शिकून घ्यावं. एक रुपया लागत नाही.

पैसे द्यायचे असतील तर व्यक्तीच्या हातात रोख देण्याचं टाळा. त्यात त्याचाही अवमान होतो आणि हिशेबही राहत नाही. विद्यार्थ्यासाठी असेल तर फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा. संस्थेला देत असाल तर ती नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर आहे का बघा, मागच्या वर्षाचा ताळेबंद मागा, आणि करसवलतीची पावती नुसती न घेता पुढे देणगीचं प्रमाणपत्र येतं का पाहा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि नव्या कर पद्धतीत गेलेल्यांना ती तशीही नाही. तेव्हा सवलतीसाठी देऊ नका, द्यायचं म्हणून द्या.

परदेशातले नातेवाईक मला विचारतात, आम्ही पाठवू का? तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुमच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. पण परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. तुमच्या भाच्याने प्रेमाने पाठवलेले पैसे एखाद्या छोट्या संस्थेला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू शकतात. आधी विचारा, मग पाठवा.

दिल्लीत यूएनएचसीआरच्या जोडीला बॉस्को ही संस्था वर्षानुवर्षं निर्वासितांच्या भाषावर्गांचं, मुलांच्या शाळाप्रवेशाचं काम करते. सिलाईवाली नावाचा एक उद्योग आहे, तिथे अफगाण बायका कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या बाहुल्या शिवतात. घरात बारसं-वाढदिवस असेल तर ती बाहुली विकत घ्या. मला स्वतःला दानापेक्षा ही खरेदी जास्त आवडते, कारण त्यात बाईच्या हातात मजुरी पडते.

आणि अफगाणिस्तानातच मदत पोचवायची असेल तर? तिथे नवखी संस्था निवडू नका. डिसेंबर 2022 नंतर सेवासंस्थांत अफगाण बायकांनी काम करण्यावर बंदी आली. 31 ऑगस्ट 2025 च्या रात्री कुनारला भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली, आणि ढिगाऱ्यातल्या जखमी बायकांपर्यंत पोचायला बायकाच कमी पडल्या. अशा ठिकाणी ज्यांची मुळं जुनी आहेत तेच टिकतात. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती काबूलमध्ये 1988 पासून कृत्रिम पायांचं केंद्र चालवते आणि तिथे कामाला माणसं मुद्दाम अपंगांतूनच घेते. पाय बसवणाराच कृत्रिम पायावर उभा असतो. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचं खोस्तला बाळंतपणाचं रुग्णालय आहे. आपल्या जयपूर फूटवाल्यांनीही काबूलला शिबिरं घेतली आहेत. सुरुंगाने गेलेला पाय काय असतो ते मी जवळून पाहिलंय, म्हणून माझे पैसे त्या कामाला जातात. तुमचं मन बाळंतिणींकडे ओढलं तर तिकडे द्या. एकदाच पाच हजार देण्यापेक्षा महिना चारशे द्या, वर्षभर. संस्थेला माणूस नोकरीवर ठेवायचा असतो, आणि माणसाला दर महिन्याला पगार लागतो.

ती मुलगी आता पीएच.डी. करते आहे. परवा घरी आली होती, हिने पुरणपोळी केली होती. तिने दोन खाल्ल्या आणि मग पासपोर्टचं नूतनीकरण कुठे होईल ते विचारायला लागली. त्याचे कागद सध्या माझ्या टेबलावर आहेत.