अळीचा हिशेब उन्हाचा, आपला तारखेचा



कापसाला भाव काय मिळाला, यावर आपण दरवर्षी बोलतो. आज त्याच्या आधीचे बोलायचे आहे. बोंडच किडले तर भाव कशाचा मागायचा?

२०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात शेंदरी बोंडअळीने उभा कापूस खाल्ला. बीटी बियाणे असताना खाल्ला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसे गेली. फवारा या अळीपर्यंत पोचत नाही. अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात ती बोंडात शिरते. मग तिला गाठायचे कुठे? तिच्या वेळापत्रकात.

अळीला स्वतःची ऊब नसते. हवा तापली की ती भराभर वाढते, गारठली की रेंगाळते. सुमारे १३ अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते. दिवसरात्रीची सरासरी २७ अंश असेल तर तिच्या खात्यात रोज १४ अंश जमा होतात. २० असेल तर ७. म्हणजे उबेत जी पिढी महिन्यात पुरी होते, तिला गारव्यात दोन महिने लागतात. पावसाळ्यापासून ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत पिढीवर पिढी चढते, ती अशी.

थंडी पडली, दिवस लहान झाले, की ती मरत नाही, झोपते. दोन सरक्या जोडून त्यात, किडक्या बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात महिनोन्‌महिने पडून राहते. उन्हाळा सरता सरता, पहिल्या पावसाच्या सुमाराला पतंग होऊन बाहेर पडते. त्या वेळी रानात पाती-फूल नसेल तर पतंगाची अंडी वाया जातात. आणि मे महिन्यात लावलेला ओलिताचा कापूस पात्यावर आलेला असेल, तर तिला आयते घर मिळते.

फरदड का ठेवतो, हे आम्हाला ठाऊक आहे. घातलेला खर्च निघालेला नसतो, चार क्विंटल आणखी निघतील ही आशा असते. आम्हीही ठेवली आहे. पण फरदडीचा पैसा आपण पुढच्या हंगामातून उसना घेतो, आणि व्याज सगळ्या गावाला भरावे लागते. पतंग धुरा ओळखत नाही.

म्हणून गावाने मिळून ठरवावे. डिसेंबरअखेर कापूस संपवायचा. उरल्या बोंडांवर शेळ्या-गुरे सोडायची. पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवायची नाही. उन्हाळ्यात नांगरट करायची, जूनआधी कापूस लावायचा नाही. जमेल त्या रानात पुढच्या वर्षी ज्वारी घ्यायची. हिरवी बोंडअळी ज्वारीच्या कणसावर जगते, शेंदरी जगत नाही. पाती लागताच एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. एका सापळ्यात सलग ३ दिवस रोज ८ पतंग आले तरच फवारणीचा विचार करायचा.

यातले बहुतेक काम औषधाच्या दुकानात विकत मिळत नाही. ते एकजुटीनेच होते. घरी गेल्यावर आधी शेजारच्या धुऱ्यावर जा, आणि तारीख ठरवा.