यंत्राची साक्ष
(हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर येथील गणेशोत्सवातील व्याख्यान)



भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे शिकवले. लंबकाच्या प्रयोगात उत्तर 9.8 यायला हवे, हे मुलांना आधीच ठाऊक असते. मग 9.3 आले की वहीतले आकडे हळूच 'दुरुस्त' होतात. मार्क मिळतात, कुणाचे काही बिघडत नाही. पण हीच सवय न्यायालयात गेली तर?

2008 सालचा पुण्याचा खटला काहींना आठवत असेल. आर्सेनिक देऊन एका तरुणाचा खून झाल्याचा आरोप होता. आरोपी तरुणीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून तिला घटनेविषयीची वाक्ये ऐकवली गेली. मेंदूतील विद्युतलहरींवरून, तिला या कृत्याचा 'अनुभव' आहे, असा अहवाल आला. सत्र न्यायालयाने इतर पुराव्यांबरोबर तोही मानला आणि जन्मठेप दिली. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय नाही, असे मत दिले. मुंबई उच्च न्यायालयाने तरुणीला जामीन दिला. 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अशी चाचणी कुणावरही बळजबरीने करता येणार नाही, असा निर्णय दिला.

इथे यंत्र खोटे बोलले का? नाही. यंत्राने लहरी मोजल्या. त्यांचा अर्थ माणसाने लावला. ती तरुणी दोषी की निर्दोष, हे मी सांगू शकत नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्या लहरींनाही ते सांगता येत नव्हते.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. म्हणजे आपल्या घरांतली विज्ञान शिकणारी मुले उद्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहतील. त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात. मोजमापासोबत त्यात किती चूक संभवते, तेही लिहा. पोलिसांचा संशय कुणावर आहे, हे विचारून मोजायला बसू नका. आणि जिथे कळत नाही तिथे 'सांगता येत नाही' म्हणायला लाजू नका. तज्ज्ञाला फी कुणीही देवो, त्याची बांधिलकी सत्याशीच असते.

आपण आज बुद्धिदात्यासमोर बसलो आहोत. आपल्या नातवंडांच्या वहीत 9.3 दिसले, तर रागावू नका. खरे लिहिले म्हणून पाठ थोपटा.

गणपती बाप्पा मोरया!