कामं अनेक, भाषा एक


आज ओळख करून घेऊ
रेव्हरंड नारायण वामन टिळकांची.

ते शिक्षक होते. कवी होते.
कीर्तनकार होते, संपादकही होते.
नागपुरातही
त्यांनी काही काळ काम केलं.

१८९५ साली, मुंबईत,
त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.
पण अभंग सुटला नाही.
कीर्तन सुटलं नाही.
अभंग गात, निरूपण करत,
ते येशूची कथा सांगू लागले.

‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचं
मराठी संपादनही त्यांनी सांभाळलं.
‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं.
ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

श्रोतेहो, थोडक्यात सांगतो.
टिळकांची कामं अनेक होती. भाषा एकच होती, आपली मराठी.
मुलांनो, तुम्हीही अनेक कामं शिका.
आपल्या माणसांची भाषा मात्र सोडू नका.