कार्ड गप्प, मुलगी गैरहजर

(विज्ञान अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा माझा विषय आहे ओळखपत्रातल्या टॅगचा अँटेना. विषय ऐकून काही जणांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मला दिसलं. म्हणून आधी घरातली गोष्ट सांगतो.

माझी भाची अकरावीत शिकते. तिच्या कॉलेजच्या गेटवर मशीन बसवलं. मुलांच्या गळ्यातलं कार्ड ते लांबूनच वाचतं आणि नोंद झाली नाही, तर पालकांच्या मोबाइलवर मेसेज जातो. एका महिन्यात माझ्या मेहुण्यांना असे सहा मेसेज आले. "तुमची मुलगी आज गैरहजर आहे." घरात पहिला प्रश्न निघाला, ही जाते कुठे? दुसरा त्याहून वाईट होता, हिला आता पाठवायचं कशाला? ती रडत मला म्हणाली, "मामू, मी गेटमधूनच आत गेले होते." कॉलेजने एका वाक्यात उत्तर दिलं, "मशीन खोटं बोलत नाही."

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. म्हणून मशीनची बाजू आधी समजून घेऊ या.

या कार्डात बॅटरी नसते. आत एक बारीक चिप आणि तिला जोडलेला धातूचा पातळ पट्टा, म्हणजे अँटेना असतो. गेटवरचा रीडर रेडिओलहरी सोडतो, अँटेना त्यातली थोडी ऊर्जा पकडतो, त्यावर चिप जागी होते आणि त्याच लहरी कमी-जास्त परावर्तित करून आपला क्रमांक सांगते. परावर्तित लहरींवरून संदेश पाठवण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली मांडली होती. आपल्या गाड्यांवरचा फास्टॅग याच तत्त्वावर चालतो.

चिपला जागं व्हायला साधारण दहा मायक्रोवॅट लागतात. एक वॅटच्या एलईडी दिव्याचा हा लाखावा हिस्सा. आणि अंतर दुप्पट झालं की मिळणारी ऊर्जा चौथा हिस्सा उरते. इतक्या तुटपुंज्या मिळकतीवर टॅगचा संसार चालतो.

आता दिशेचं पाहू. सरळ पट्टीसारखा अँटेना सगळीकडून सारखं ऐकत नाही. त्याचं टोक रीडरकडे वळलं, की त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. रीडर उभ्या लहरी सोडत असेल आणि पट्टी आडवी झाली, तरी तेच. फास्टॅगला ही अडचण फारशी येत नाही, कारण तो काचेवर ठरलेल्या जागी चिकटवलेला असतो. मुलीच्या गळ्यातलं कार्ड मात्र फिरतं, दप्तराच्या पट्ट्यात अडकतं, ओढणीखाली जातं.

यावर उपाय म्हणजे टॅगमध्ये एकमेकांना काटकोनात दोन अँटेना बसवणं. एकाला ऐकू आलं नाही, तर दुसऱ्याला येईल. पण दोघांच्या तारा नुसत्या एकत्र जोडल्या, तर दोन्हीकडून आलेल्या लहरी कधी कधी एकमेकींनाच मारतात. म्हणून निवड करावी लागते. आणि निवड करायलाही वीज लागते! दोन्ही अँटेनांची ताकद सतत मोजत बसलं, तर मोजणीतच सगळी मिळकत संपेल.

इथे मला त्या कल्पनेचं कौतुक वाटतं. दोन्ही अँटेनांमागे लहरींचं डीसी वीजदाबात रूपांतर करणारं वेगवेगळं सर्किट ठेवायचं. सुरुवातीला दोन्हीकडची वीज एकत्र साठवायची, कारण चिप जागी होण्याआधी निवड करणार कोण? ती जागी झाली की एकदाच विचारायचं, जास्त दाब कोणाकडे? किती जास्त, हे विचारायचंच नाही. तराजूचं कोणतं पारडं खाली गेलं, तेवढं कळलं की पुरे, वजन लिहायची गरज नाही. निर्णय लक्षात ठेवून तुलना करणारा भाग बंद करायचा आणि निवडलेल्या अँटेनावरून उत्तर द्यायचं. हा संवाद काही मिलिसेकंदांत संपतो. चालणारं माणूस दहा मिलिसेकंदांत दीडेक सेंटिमीटर सरकतं आणि लहरीची लांबी आहे सुमारे पस्तीस सेंटिमीटर. तेवढ्यात निवड चुकीची ठरत नाही.

पण दोन अँटेना असले तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे आपलं शरीर. शरीरात पाणी भरपूर. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि अंगाला चिकटलेला अँटेना आपला सूरही हरवतो. दोन्ही पट्ट्या अंगाला चिकटून असतील, तर निवड कशातून करणार?

मी कॉलेजला विनंती केली आणि भाचीला घेऊन त्या गेटमधून पुन्हा पुन्हा गेलो. कार्ड हातात पुढे धरलं की नोंद होई. दप्तराच्या पट्ट्याखाली छातीशी दाबलं गेलं की मशीन गप्प. तिचं कार्ड एकाच अँटेनाचं होतं. हे तिथल्या शिक्षकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, वर्गातल्या हजेरीपटाशी त्या सहा तारखा ताडून पाहिल्या. सहाही दिवस ती वर्गात होती.

मशीन खोटं बोललं नव्हतं, हे मला मान्य आहे. ते काहीच बोललं नव्हतं! कार्ड वाचलं गेलं, तर ते कार्ड तिथे होतं एवढं कळतं. वाचलं गेलं नाही, तर काहीच कळत नाही. त्या गप्प बसण्याला "गैरहजर" हा शब्द माणसांनी दिला होता.

म्हणून पालक आणि नागरिक म्हणून तीन गोष्टी मागा. असं यंत्र घेण्याआधी दप्तर, पाण्याची बाटली, ओढणी यांसह मुलांना चालवून चाचणी घ्या. शिक्षकांनी हजेरीपट पाहिल्याशिवाय घरी मेसेज पाठवू नका. आणि नोंद चुकली, तर ती दुरुस्त करून घेण्याची सोय विद्यार्थ्याला द्या.

त्या कॉलेजने यातली दुसरी गोष्ट मान्य केली आहे. भाची आता कार्ड हातात धरून जाते. मेहुणे तिला अजून सॉरी म्हणाले नाहीत, पण बारावीची फी त्यांनी भरली आहे.

प्रश्न असतील तर विचारा.