शिडाचा दांडा आणि आपले डोके
(सुवर्णमहोत्सवी संमेलनातील भाषण)



तंजावरच्या भातखाचरांत उभे राहून समुद्राविषयी बोलणे आपणांस जरा विचित्र वाटेल. परंतु नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून दुसऱ्या सरफोजी महाराजांनी मल्लिपट्टिणमजवळ बांधलेला मनोरा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. आपल्या मंडळाची सहल तेथे गेली असता मुलांनी आम्हांस घेरले व शिडाची होडी चालविण्यास शिकावयाचे आहे, असे सांगितले. पुदुच्चेरीच्या लेफ्टनंट कमांडर रूपा अळगिरिसामी यांनी दिलना के. यांच्यासह २०२४-२५ मध्ये 'तारिणी' नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याचा हा परिणाम. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकटेच 'म्हादेई'तून जगाची फेरी करून आले, तेव्हा आम्हीही असेच भारावलो होतो. मुलांना आम्ही होकार दिला. मात्र एक गोष्ट त्यांच्या आईवडिलांसमक्ष सांगावयाची राहिली होती.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, नोकरीनिमित्त मुंबईस असताना, आम्ही सुटीच्या दिवशी एका स्नेह्यांबरोबर होडीत जात असू. वादळ नव्हते. मागून मंद वारा येत होता आणि सुकाणू आमच्या हाती होते. दूरचे एक जहाज पाहण्याच्या नादात होडी किंचित वळली. शिडाच्या तळाशी जो आडवा दांडा असतो, ज्यास बूम म्हणतात, तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरला आणि आमच्या स्नेह्यांच्या कानशिलावर आदळला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग हसून म्हणाले, "काही नाही हो." किनाऱ्यावर येऊन त्यांनी चहाही घेतला. रात्री त्यांना उलट्या सुरू झाल्या, बोलणे अडखळू लागले. कवटीचे हाड तडकून आत रक्त साचले होते. शस्त्रक्रियेने प्राण वाचले, डावा कान मात्र कायमचा गेला. त्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. त्यांच्याशी बोलताना आम्ही आजही उजव्या बाजूस बसतो.

कोकणच्या जुन्या मचव्यांचे शीड वर तिरक्या परबाणास टांगलेले असे. खाली असा दांडा नसे. आजच्या होडीत तो नेमका माणसाच्या डोक्याच्या उंचीवर फिरतो. वारा समोरून घेऊन वळताना शीड फडफडते व दांडा त्या मानाने हळू येतो. पाठीवरच्या वाऱ्यात मात्र वाऱ्याने शिडाची दुसरी बाजू धरली की त्याचा सारा जोर दांड्यात उतरतो. म्हणून वारा नेमका पाठीवर घेऊ नये, थोडा एका खांद्यावर ठेवावा. वळावयाचेच असेल, तर सुकाणूवाल्याने आधी मोठ्याने सांगावे, प्रत्येकाचे उत्तर ऐकावे, मग दोर ओढून दांडा मध्यावर आणावा आणि नंतरच सुकाणू फिरवावे. आम्ही यांतले काहीच केले नव्हते. मोठ्या नौकांवर दांड्याच्या टोकापासून नाळेकडे दोर ताणून बांधतात, म्हणजे तो अचानक फिरत नाही. लहान होडीत वाकून बसणे, उगाच उभे न राहणे आणि शिकाऊ मुलांनी शिरस्त्राण घालणे, हेच खरे. दांड्याच्या दोराचा फटकाही जीवघेणा असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

अनुभवी माणसाला याची भीती नाही, असे कोणी म्हणेल. अटलांटिकपार एकट्याने जाण्याची शर्यत १९६४ व १९७६ मध्ये जिंकणारे फ्रान्सचे एरिक ताबार्ली १९९८ च्या जूनमध्ये एका रात्री आयरिश समुद्रात शीड बदलत होते. शिडाच्या वरच्या दांड्याचा तडाखा बसून ते पाण्यात पडले. अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते.

आता मातांना एक विनंती. मूल होडीतून परतले आणि डोक्यास मार लागल्याचे कळले, तर ते हसते-खेळते आहे एवढ्यावर विसंबू नये. डॉक्टरांकडे न्यावे, निदान चोवीस तास एकटे ठेवू नये. वाढती डोकेदुखी, उलटी, न आवरणारी झोप, गोंधळलेले बोलणे, लहानमोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, यांतले काहीही दिसले की रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठावे.

ज्या मुलांना शिकावयाचे आहे, त्यांनी नावे चिटणिसांकडे द्यावीत. पहिले दोन धडे येथेच, सभागृहात होतील. होडीऐवजी बाक असेल आणि दांड्याऐवजी दोरीला टांगलेला बांबू. सुकाणूवर प्रत्येकाने एकदा बसावयाचे आहे.