आधी धान्य काढा, मग कणगी लिंपा

मी सिरसाळ्याहून बोलतेय. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. आज विषय कॉम्प्युटरचा आहे. पण रेडिओ बंद करू नका, कारण गोष्ट आपल्या पैशाच्या हिशेबाचीच आहे.

आमच्याकडं एक जुना कॉम्प्युटर होता. बारा गटांचे हिशेब त्यातच. त्यात विंडोज १० होती. १४ ऑक्टोबर २०२५ला तिचा नेहमीचा मोफत आधार कंपनीनं थांबवला. कॉम्प्युटर हळू चालायचा, फाइल उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा, आतून टक्-टक् आवाज यायचा. मला वाटलं, विंडोज जुनी झाली, नवी टाकली की पळेल. नेला दुकानात. नवी विंडोज टाकता टाकता मधेच अडकली आणि मशीन पुन्हा सुरूच झालं नाही. हार्ड डिस्क गेली होती.

चूक माझी. टक्-टक् हे डिस्कचं दुखणं होतं आणि मी औषध विंडोजला देत होते. एका ताईंच्या कर्जाचे शेवटचे चार हप्ते फक्त कॉम्प्युटरमध्ये चढवले होते, गटाच्या वहीत नव्हते. त्यांच्या पासबुकावर सह्या होत्या म्हणून वाचलो. नाहीतर भरलेले पैसे त्यांना पुन्हा मागितले गेले असते. बाकीचे हिशेब वह्यांवरून पुन्हा चढवायला दोन महिने लागले.

आता समजून घ्या. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर माहिती लिहिली जाते. धक्का बसला, अचानक लाइट गेली, तर ती खराब होऊ शकते. परळीचं वीज केंद्र आपल्या शेजारी, पण दिव्याखाली अंधार! नवी विंडोज टाकताना त्या तबकडीवर खूप लिहावं लागतं. आजारी डिस्कला तो भार झेपत नाही. फॉरमॅट केल्यानंही झिजलेली तबकडी दुरुस्त होत नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. कणगीला उंदरानं भोक पाडलं, तर आपण आधी धान्य काढतो, मग कणगी लिंपतो. तसंच इथं.

पहिलं, सगळ्या फाइल पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवा. त्या उघडतात का, ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा. डेस्कटॉपवरच्या फाइल विसरू नका, त्या बहुधा सी ड्राइव्हमध्येच असतात. आणि सी, डी, ई हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे कप्पे असतात. डिस्क गेली की सगळेच जातात.

दुसरं, डिस्क तपासून घ्या. खराब निघाली तर बदला. एसएसडी मिळाली तर उत्तम, तिच्यात फिरणारं काही नसतं.

तिसरं, मग नवी विंडोज. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या मशीनला ती चालेलच असं नाही, आधी विचारा. नसेल चालत, तर लिनक्स फुकट मिळते.

चौथं, जुने मराठी फॉन्टही जपून ठेवा. नाहीतर जुन्या ठरावांची अक्षरं गिचमिड दिसतील. इथून पुढं युनिकोडमध्येच टाइप करा.

जुनी डिस्क दुकानात सोडू नका. तिच्यात आपले आधार नंबर, बँक खाती असतात.

येत्या बैठकीत एवढंच विचारा, ‘आपला हिशेब कॉम्प्युटरशिवाय आणखी कुठं आहे?’ उत्तर आलं नाही, तर त्याच दिवशी पेन ड्राइव्ह आणा. आणि वही लिहिणं सोडू नका, बायांनो. आम्हाला शेवटी तिनंच तारलं.